अनोळखी प्रदेशातली स्पार्कलिंग वाइन: निवडण्यापासून पारखण्यापर्यंत

स्पार्कलिंग वाइन म्हणजे शॅम्पेन, फार तर प्रोसेको किंवा कावा, एवढ्यावर बहुतेकांची यादी संपते. मग कधीतरी इंग्लंड, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया, दक्षिण ब्राझील किंवा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची बाटली हाती लागते आणि तिची पारख चुकीच्या रीतीने होते. बर्फासारखी गार करून ती उंच अरुंद पेल्यात ओततात, दोन घोट घेतात आणि निकाल देतात: ‘शॅम्पेनसारखी आहे’ किंवा ‘शॅम्पेनसारखी नाही’. यातून वाइनबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

थंडी आणि बुडबुडे दोन्ही दोष झाकतात. पारख करायची ती बुडबुड्यांखालच्या वाइनची. म्हणून खालचा क्रम पाळा. निम्मं काम बाटली उघडण्याआधीच होतं.

## पूर्वतयारी

एकच बाटली आणून पारख करू नका. किमान दोन हव्यात: एक अनोळखी प्रदेशातली, दुसरी तुलनेसाठी माहितीतल्या प्रदेशातली. तुलनेची बाटली त्याच पद्धतीने बनलेली आणि त्याच गोडीची असायला हवी. टाकीत फसफसवलेली ताजी, फळाळ वाइन तीन वर्षं मेलेल्या यीस्टच्या गाळावर मुरलेल्या शॅम्पेनशेजारी ठेवली, तर ती पातळच वाटणार. त्यात दोष वाइनचा नसतो, जोडी चुकीची लावलेली असते.

एवढ्या गोष्टी जमवा:

- प्रत्येक वाइनसाठी माणशी एक पेला, सगळे एकाच आकाराचे. मध्ये फुगीर आणि तोंडाशी किंचित निमुळता असा ट्यूलिप आकार उत्तम. तो नसेल तर साध्या व्हाइट वाइनचा पेला चालेल.
- बर्फ आणि पाण्यासाठी खोल बादली.
- स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर.
- स्पार्कलिंग वाइनचं दाबून बसणारं झाकण.
- कोरडा नॅपकिन, साधं पाणी, बिनचवीचा पाव.
- घोट थुंकायला एक भांडं.
- वही.

चीज, खारवलेले दाणे, तिखट खाणं पारख संपेपर्यंत बाजूला ठेवा. मीठ आणि स्निग्धपणा आंबटपणा बोथट करतात. तिखटाने बुडबुड्यांची चुणचुण वाढते, आणि चांगली वाइनही उग्र वाटायला लागते.

पेले तपासा: पेल्याला साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो. पेले गरम पाण्याने खळखळून धुवा, उपडे न ठेवता हवेवर वाळवा आणि कोरड्या सुती फडक्याने पुसा. कोरड्या पेल्याचा वास घ्या. कपाटाचा, लाकडाचा किंवा फडक्याचा वास आला तर पुन्हा धुवा.

## १. आंबटपणा कुठून येतो ते शोधा

चांगल्या स्पार्कलिंग वाइनला सगळ्यात आधी आंबटपणा लागतो. द्राक्षं पिकताना साखर वाढते, आम्ल घटतं. उष्ण भागात आम्ल इतक्या झपाट्याने घटतं की सुगंध तयार होईपर्यंत द्राक्ष मऊ आणि निस्तेज झालेलं असतं. त्यामुळे अनोळखी प्रदेशाचं नाव दिसलं की पहिला प्रश्न हा: तिथे द्राक्षाला गारवा कशामुळे मिळतो? उत्तर सहसा तीनपैकी एक असतं.

अक्षांश. इंग्लंडमधले ससेक्स आणि केंट ५१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातलं रॅन्स शहर ४९ अंशांवर. ससेक्स-केंटच्या काही भागांत जमीनही खडूची आहे, तशीच शॅम्पेनमध्ये आढळते. इथे आंबटपणाची चिंता नसते. प्रश्न उलटा असतो: द्राक्षं पुरेशी पिकली का?

उंची. न्यू मेक्सिको म्हणजे वाळवंट, पण ग्रुए या उत्पादकाच्या नावाशी जोडलेले तिथले मळे सुमारे १३०० मीटर उंचीवर आहेत. दिवसा ऊन कडक असलं तरी रात्री तापमान घसरतं आणि आम्ल टिकतं. अर्जेंटिनातल्या उको खोऱ्याचं गणित हेच आहे.

समुद्र. टास्मानियाला चारही बाजूंनी गार वारे लागतात. द्राक्षं सावकाश पिकतात, आणि तिथली शार्दोने आणि पिनो न्वार ही द्राक्षं स्पार्कलिंगसाठी खास मानली जातात.

यातलं एकही कारण सापडत नसेल, तर बाटली लगेच बाद करू नका, पण सावध राहा. सपाट उष्ण भागातले उत्पादक द्राक्षं फार लवकर तोडून आम्ल वाचवतात. कच्च्या द्राक्षाचा कडसर तुरटपणा मग वाइनमध्ये उतरतो. आठव्या टप्प्यात तो मुद्दाम शोधायचा आहे.

तपासा: लेबलवर नुसतं देशाचं नाव आहे की ठरावीक भागाचं? ‘ससेक्स’, ‘पिंतो बांदेइरा’ (ब्राझील), ‘त्रेंतो’ (इटली) अशी नेमकी नावं असली तर द्राक्षं कुठली याची काहीएक बांधिलकी असते. नुसत्या ‘झेक्ट’ (जर्मन स्पार्कलिंग वाइन) या शब्दामागे दुसऱ्या देशातून आणलेली वाइनही असू शकते. ‘डॉयचर झेक्ट’ म्हणजे मूळ वाइन जर्मन, आणि ‘विन्झरझेक्ट’ म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची, पारंपरिक पद्धतीने बाटलीत आंबवलेली.

## २. बुडबुडे कसे आले ते ओळखा

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात, आणि पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. चवीचा अर्धा भाग पद्धतीने ठरतो.

पारंपरिक पद्धत. तयार साध्या वाइनमध्ये यीस्ट आणि साखर घालून ती बाटलीत बंद करतात. लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घातली की जवळपास ६ बार दाब तयार होतो, आणि मद्यांशही सव्वा ते दीड टक्क्याने वाढतो. मेलेलं यीस्ट बाटलीत गाळ होऊन बसतं, आणि वाइन त्या गाळावर महिनोन्‌महिने मुरते. भाजलेला पाव, बिस्किट, सुकामेवा असे वास तिथून येतात. शेवटी गाळ मानेत आणून काढून टाकतात. लेबलवर ‘मेथोद त्रादिस्योनेल’, ‘मेतोदो क्लासिको’, ‘मेतोदो त्रादिसिओनाल’ किंवा दक्षिण आफ्रिकेचं ‘कॅप क्लासिक’ असं लिहिलेलं असतं.

टाकीची पद्धत. दुसरं आंबवणं मोठ्या बंद टाकीत दाबाखाली होतं. हेतू फळांचा आणि फुलांचा ताजेपणा जपण्याचा. प्रोसेको बहुतेक अशीच बनते. ही पद्धत हलकी नाही, वेगळी आहे. त्यात पावाचा वास शोधत बसू नका.

बदलीची पद्धत. आंबवणं बाटलीत होतं, पण गाळ काढायला सगळ्या बाटल्या दाबाखाली टाकीत रिकाम्या करतात आणि गाळून पुन्हा भरतात. लेबलवर ‘बाटलीत आंबवलेली’ एवढंच लिहिलेलं असतं, ‘याच बाटलीत’ किंवा ‘पारंपरिक पद्धतीने’ असं नसतं. हा बारीक फरक नीट वाचा. युरोपीय संघात ‘पारंपरिक पद्धत’ लिहायला वाइन किमान ९ महिने सलग गाळावर असावी लागते.

पेत-नात. पहिलंच आंबवणं पूर्ण होण्याआधी वाइन बाटलीत भरतात. पत्र्याचं झाकण, थोडा गढूळपणा आणि कमी-जास्त दाब हे इथे स्वाभाविक आहे.

वायू घातलेली. साध्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो. युरोपात हे लेबलवर लिहावंच लागतं. पारखीसाठी ही बाटली घेऊ नका.

सर्वांत मोठी चूक: टाकीतल्या वाइनला ‘खोली नाही’ म्हणून आणि पारंपरिक वाइनला ‘फळाचा वास नाही’ म्हणून नापास करणं. आधी पद्धत ओळखा, मग अपेक्षा ठरवा.

## ३. मागचं लेबल वाचा

पुढचं लेबल विक्रीसाठी असतं. माहिती मागे असते.

गोडी. हे शब्द फसवे आहेत. लिटरला साखरेचं प्रमाण असं:

- ब्रूट नेचर: ३ ग्रॅमपेक्षा कमी, वरून साखर न घातलेली
- एक्स्ट्रा ब्रूट: ० ते ६ ग्रॅम
- ब्रूट: १२ ग्रॅमपेक्षा कमी
- एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७ ग्रॅम
- सेक किंवा ड्राय: १७ ते ३२ ग्रॅम
- देमी-सेक: ३२ ते ५० ग्रॅम
- दू: ५० ग्रॅमच्या वर

‘एक्स्ट्रा ड्राय’ ब्रूटपेक्षा गोड असते. ‘ड्राय’ वाचून कोरडी, म्हणजे बिनगोड, समजू नका. अनोळखी प्रदेशासाठी सुरुवात ब्रूटपासून करा. साखर दोष झाकते, तर अगदी बिनसाखरेच्या वाइनमध्ये कच्चेपणा इतका उघडा पडतो की नवख्या माणसाला चांगलीही वाइन बोचरी लागते.

गाळावरचा काळ. किती महिने ते लिहिलेलं असेल तर तो आकडा वहीत उतरवा. तुलनेसाठी किमान मुदती लक्षात ठेवा: स्पेनची कावा ९ महिने, कावा रिझर्वा १८, ग्रान रिझर्वा ३०. इटलीची फ्रान्चाकोर्ता १८, त्रेंतो १५. साध्या शॅम्पेनला एकूण १५ महिने, त्यातले १२ गाळावर. यीस्टचे वास ठळक व्हायला साधारण दीड वर्ष लागतं. नऊ महिन्यांच्या बाटलीकडून भाजलेल्या पावाची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

गाळ काढल्याची तारीख. फ्रेंचमध्ये हिला डेगॉर्जमाँ म्हणतात. ही तारीख छापणारा उत्पादक काहीतरी सांगू इच्छितो, आणि एवढ्यावर मी त्याला झुकतं माप देतो. तारीख तीन महिन्यांच्या आतली असेल तर बाटली थोडी थांबवा. गाळ काढल्यावर गोडीसाठी घातलेली साखर अजून वाइनमध्ये नीट मुरलेली नसते. तारीख चार-पाच वर्षांमागची आणि वाइन साधी, बिनसालाची (लेबलवर द्राक्षांचं साल नसलेली) असेल, तर ताजेपणा उतरलेला असण्याची शक्यता मोठी.

मद्यांश. हा आकडा फार थोडे लोक बघतात, आणि उष्ण प्रदेशाच्या बाटलीवर तो सगळ्यात उपयोगी पडतो. स्पार्कलिंगची द्राक्षं सहसा १० ते ११ टक्के मद्य देतील इतक्या साखरेवर तोडतात. दुसऱ्या आंबवण्यानंतर वाइन १२ ते १२.५ टक्क्यांवर येते. लेबलवर १३ टक्के किंवा त्याहून जास्त दिसलं तर द्राक्षं बरीच पिकलेली होती. अशी वाइन भरदार असेल, पण टवटवीत आंबटपणाची अपेक्षा कमी ठेवा.

## ४. दुकानातली बाटली तपासा

प्रदेश चांगला, उत्पादक चांगला, आणि तरीही वाइन खराब निघते ती पुष्कळदा साठवणीमुळे. अनोळखी प्रदेशाच्या बाटल्या फळीवर जास्त दिवस पडून राहतात, म्हणून धोका त्यांनाच जास्त.

- प्रकाश. पारदर्शक काचेची बाटली ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीत असेल तर घेऊ नका. निळा आणि अतिनील प्रकाश वाइनमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वावर पडला की गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात. बिघाडाला फार वेळ लागत नाही. गडद हिरवी काच बरंच रक्षण करते. फळीच्या पुढच्या बाटलीऐवजी मागची किंवा खोक्यातली मागा.
- उष्णता. बुचाभोवती चिकट ओघळ किंवा सुटलेलं फॉइल दिसलं तर बाटली ठेवून द्या.
- पातळी. शेजारच्या दोन बाटल्यांशी ताडून पाहा. एकीत वाइन स्पष्ट खाली असेल तर तिचा वायूही गेलेला असू शकतो.
- रोझेचा, म्हणजे गुलाबी वाइनचा, रंग. गुलाबीवरून विटकरीकडे झुकलेला रंग वय किंवा उष्णता दाखवतो.

घरी आणल्यावर अंधारात, १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. काही आठवड्यांसाठी उभी ठेवली तरी चालते. वाहतुकीनंतर निदान एक दिवस हलवू नका.

## ५. थंड करा, गोठवू नका

पारंपरिक पद्धतीची वाइन ८ ते १० अंशांवर, टाकीतली ६ ते ८ अंशांवर द्या. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन ते चार तास पुरतात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. २५ ते ३० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटलीला मोजक्याच ठिकाणी गारवा लागतो, पाणी तो सगळीकडून पोचवतं.

फ्रीजरमध्ये ठेवू नका. विसरलात तर बाटली फुटू शकते, आणि न विसरताही वाइन इतकी गार होते की वास बंदच होतात.

पुरेशी गार न करणं त्याहून धोक्याचं. ४ अंशांवर साधारण साडेचार बार असलेला दाब २० अंशांवर साडेसातपर्यंत चढतो. कोमट बाटलीचं बूच सुटतं आणि वाइन उसळून बाहेर येते.

तपासा: पहिल्या पेल्यात थर्मामीटर बुडवा. ६ अंशांखाली असेल तर पेला हातात धरून दोन-तीन मिनिटं थांबा.

## ६. बाटली उघडा

१. बाटली कोरडी पुसा. ओल्या काचेवर हात घसरतो.

२. फॉइल काढा. तारेच्या जाळीची कडी उलगडा, बहुधा सहा अर्धे वेढे असतात. कडी सैल झाल्या क्षणापासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही.

३. जाळी काढू नका. सैल करून बुचाच्या डोक्यावर राहू द्या. पकड चांगली बसते.

४. बाटली ४५ अंशात तिरपी धरा. तोंड माणसं, दिवे, काचा यांच्यापासून दूर. स्वतःच्या चेहऱ्यापासूनही.

५. एका हाताने बूच घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडापाशी धरून सावकाश फिरवा. बूच फिरवलं तर ते तुटू शकतं.

६. बूच वर येऊ लागलं की त्याला उलट दाबून अडवा. वायू बारीक सुस्काऱ्यासारखा निघू द्या.

बूच हलत नसेल तर नॅपकिनने पकड घ्या, किंवा मानेवर अर्धा मिनिट कोमट पाणी सोडा. स्क्रू असलेला ओपनर कधीही लावू नका. दाबाखालच्या बुचात स्क्रू घुसवणं डोळ्यावर बेतू शकतं.

बूच फेकू नका. ते पुष्कळ सांगतं. खालचा भाग पसरून रुंद झाला तर गाळ काढून फार काळ झालेला नाही. सरळ खुंटीसारखं राहिलं तर बाटली जुनी आहे, वायू कमी असण्याची शक्यता आहे. वाइनकडच्या टोकाचा वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर पेल्यात जास्त लक्ष द्या, पण निकाल पेल्यावरच द्या.

## ७. ओता

पेला तिरपा धरून वाइन बाजूने सोडा. सरळ पेल्यात वरून ओतली तर वायूचा मोठा भाग ओततानाच निघून जातो. आधी थोडी ओता, फेस बसू द्या, मग पुन्हा. पारखीसाठी ५० ते ६० मिलीलीटर पुरे. पेला एक तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका, वासाला जागा हवी.

बुडबुड्यांवर लगेच निकाल देऊ नका. ‘बारीक आणि सरळ रेघेत चढणारे बुडबुडे म्हणजे उत्तम वाइन’ हा समज पक्का बसलेला आहे. पण पेल्यातले बुडबुडे मुख्यतः काचेला चिकटलेल्या कापसाच्या किंवा धुळीच्या बारीक तंतूंवर उगवतात. एकाच बाटलीची वाइन दोन पेल्यांत वेगळी दिसते. बुडबुडा डोळ्यांनी मोजायचा नसतो, जिभेवर तपासायचा असतो.

## ८. तीनदा चव घ्या

एकदाच चव घेतली तर तुम्ही थंडीची आणि वायूची पारख केली. वाइनची राहून गेली.

पहिली वेळ, ओतल्यावर लगेच. पेला न फिरवता वास घ्या. फिरवलात तर वायू उसळून नाकाला झोंबतो आणि वास बुजतात. मग घोट घेऊन जिभेवर पसरवा. बुडबुडा मलईसारखा मऊ पसरतो की सोड्यासारखा टोचून लगेच मरतो? टोचून मरणारा फेस असेल तर पद्धतीकडे पुन्हा बघा.

दुसरी वेळ, दहा मिनिटांनी. वाइन आता ११-१२ अंशांवर असेल. फळ, फूल, पाव, सुकामेवा यांपैकी काय पुढे येतं ते लिहा. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मनात मोजा. चारच्या आत नाहीशी झाली तर साधी. दहाच्या पुढे गेली तर बाटली गंभीरपणे घ्या.

तिसरी वेळ, चाळीस मिनिटांनी. पेला आता कोमट आणि जवळजवळ निर्वायू झालेला आहे. लोक हा घोट ओतून देतात. तोच महत्त्वाचा. बुडबुड्यांचा आधार काढला की मूळ वाइन उघडी पडते. चांगली असेल तर ती अजूनही एक नेटकी, रसदार पांढरी वाइन लागते: आंबटपणा टवटवीत आणि फळ ओळखू येणारं. घडण कमकुवत असेल तर तीनपैकी काहीतरी जाणवतं:

- साखर सुटी पडते, सरबतासारखी वर तरंगते.
- आंबटपणा जिभेच्या टोकावर टोचतो आणि पुढे काहीच नसतं. उष्ण प्रदेशात वरून आम्ल घालतात. ते चुकीचं नाही, पण नीट मिसळलेलं नसलं तर असं कळतं.
- शेवटी हिरवट कडू तुरटपणा राहतो. पहिल्या टप्प्यात म्हटलेल्या कच्च्या तोडणीची ही खूण.

थंड प्रदेशात उलट चूक होते. तिथल्या धारदार आंबटपणाला लोक सरसकट ‘कच्ची’ म्हणतात. फरक असा करा: आंबटपणाबरोबर पिकलेल्या सफरचंदाचा किंवा लिंबूवर्गीय फळांचा गर जाणवतो का? जाणवला तर ती धार वाइनचा कणा आहे. नुसता आंबटपणा आणि मागे पोकळी असेल तर द्राक्षं पिकलीच नव्हती.

### दोष आणि त्यांची ओळख

- ओला पुठ्ठा, कुबट तळघर: बुचाचा दोष. वेळेबरोबर वाढतो. बाटली परत करा, प्रदेशाला दोष देऊ नका.
- उकडलेला कोबी, ओली लोकर: प्रकाशाचा मार.
- काडेपेटी, सडकं अंडं: गंधकाची कोंडलेली संयुगं. पाच-दहा मिनिटांत बरेचदा उडून जातात, थांबा.
- कापून काळवंडलेलं सफरचंद, तपकिरी छटा: हवा लागली किंवा वय झालं. गाळावर मुरल्याने येणाऱ्या बदाम-अक्रोडाच्या वासाशी गल्लत करू नका. त्यात ताजेपणा शिल्लक असतो.
- नेलपॉलिश रिमूव्हर, व्हिनेगर: आंबवणं बिघडलं.
- गिळल्यावर काही सेकंदांनी येणारा उंदराच्या पिंजऱ्याचा वास: पेत-नातमध्ये जास्त सापडतो. नाकाला कळत नाही, तोंडात मागाहून कळतो, आणि काहींना अजिबात कळत नाही. म्हणून दोघांनी चव घ्यावी.

दोष सापडलेल्या एका बाटलीवरून प्रदेशाबद्दल मत बनवू नका. दुसरी उघडा.

## ९. झाकून तुलना करा

नाव दिसलं की जीभ त्या नावाच्या बाजूने झुकते, जाणकारांचीही. म्हणून पारखीचा निकाल झाकलेल्या बाटल्यांवरच घ्या.

एका व्यक्तीला बाजूला बसवून बाटल्या उघडायला लावा. उघडल्यावर बाटल्या मानेपर्यंत कागदात गुंडाळा. बाटलीचा आकारही ओळख देतो, म्हणून शक्य तर दुसऱ्या खोलीत ओतून फक्त पेले आणा. क्रमांक द्या. कमी साखरेची आधी, जास्त साखरेची नंतर. गोड आधी घेतली तर मागची कोरडी वाइन आंबट ढोण लागते.

फरक खरंच कळतो का हे बघायचं असेल तर तीन पेले मांडा, दोनांत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते ओळखा. पेल्यांची जागा बदलून पुन्हा करा. दोनदा चुकलात तर ‘ही तिच्यापेक्षा कितीतरी सरस’ हे वाक्य वहीत लिहू नका.

प्रत्येकाने आधी लिहावं, मग बोलावं. एकाने मोठ्याने ‘बदाम’ म्हटलं की सगळ्यांना बदाम लागू लागतो.

खबरदारी: वायूमुळे मद्य लवकर चढतं. चार-पाच वाइन असतील तर थुंकण्याचं भांडं वापरा, मध्ये पाणी प्या, आणि त्यानंतर गाडी चालवू नका.

## १०. उरलेली बाटली आणि पुढची खरेदी

बाटलीच्या तोंडात चमचा अडकवल्याने वायू टिकत नाही. दाबून बसणारं झाकण लावा आणि बाटली लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवा. एक-दोन दिवस ठीक राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घोट घ्या. रात्रीतून ढासळणारी वाइन घरात वर्षभर साठवण्यालायक नाही, ताजीच प्या.

वहीत एवढं उतरवा: उत्पादक, नेमका भाग, पद्धत, द्राक्षं, साल असल्यास साल, गोडी, मद्यांश, गाळावरचे महिने, गाळ काढल्याची तारीख, लॉट क्रमांक, तिन्ही वेळच्या चवी. बिनसालाच्या वाइनमध्ये लॉट क्रमांक विसरू नका. तेच लेबल पुढच्या वर्षी वेगळ्या मिश्रणाचं असू शकतं, आणि मग ‘मागच्या वेळी चांगली होती’ याला आधार राहत नाही.

आवडली म्हणून लगेच खोकं उचलू नका. त्याच लॉटच्या दोन बाटल्या घ्या. एक महिन्याभरात उघडा, दुसरी सहा ते आठ महिन्यांनी. मग त्याच भागातल्या दुसऱ्या एखाद्या उत्पादकाची, त्याच पद्धतीची बाटली मिळवा आणि ती पहिल्याच्या शेजारी झाकून ठेवा. दोन वेगळ्या हातांनी बनवलेल्या वाइनमध्ये तोच आंबटपणा आणि तोच गर सापडला, तर तो गुण प्रदेशाचा. एकीतच सापडला, तर त्या उत्पादकाचं नाव लक्षात ठेवा आणि प्रदेशाबद्दलची पानं अजून कोरी राहू द्या.